खिडकीच्या काचेला ५जी वळवायला लावणारे तंत्र : डोकोमोच्या मेटासर्फेसचे परीक्षण

५जीच्या २८ गिगाहर्ट्झच्या लहरी प्रचंड डेटा वाहून नेतात, पण इमारतीच्या कोपऱ्याला सहसा वळसा घालत नाहीत. दर कोपऱ्यावर नवा टॉवर उभारण्याऐवजी भिंती आणि काचांनाच मेटासर्फेस, म्हणजे तरंगलांबीपेक्षा लहान घटकांची नक्षी असलेला पृष्ठभाग, बसवून लहरी वळवायला लावण्याचा प्रयत्न जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने केला असून, तिच्या प्रसिद्ध झालेल्या निकालांवरून हे परीक्षण केले आहे.

टोकियोच्या कोतो भागात २०१८ साली डोकोमोने मेटावेव्ह कंपनीचा परावर्तक, म्हणजे लहरी ठरावीक दिशेने परतवणारा फलक, लावल्यावर वाहनातील वेग ६० वरून ५६० मेगाबिट प्रति सेकंद झाला. निकाल खणखणीत आहे; मात्र या फलकाची दिशा बसवतानाच ठरते.

२०२० मध्ये एजीसी या काच उत्पादक कंपनीबरोबर सादर केलेला पारदर्शक मेटासर्फेस मला सर्वांत कल्पक वाटतो. वरची काच किंचित सरकवली की तोच पृष्ठभाग लहरींना पूर्ण आरपार जाऊ देतो, अंशतः परावर्तित करतो किंवा पूर्ण परतवतो, आणि खिडकीतला उजेडही अडत नाही. तरीही ग्राहक जिकडे जाईल तिकडे किरण वळवणे या तीन अवस्थांत बसत नाही, आणि बदलत्या पृष्ठभागाकडून खरी अपेक्षा तीच असते. पुढच्याच वर्षी आलेली, बाहेरच्या लहरी खोलीतल्या ठरावीक जागी एकवटणारी फिल्म कमी महत्त्वाकांक्षी असली तरी जुन्या खिडकीवर चिकटवता येते व एलटीईला (४जीच्या लहरींना) बाधा आणत नाही. म्हणून खरेदीयोग्य मी तिलाच म्हणेन.

फलक कुठे बसवता, यावर बरेच अवलंबून आहे. टॉवर ते फलक आणि फलक ते ग्राहक या दोन टप्प्यांतील क्षीणतेचा गुणाकार होत असल्याने, फलक दोघांच्या मधोमध लावणे सर्वांत तोट्याचे. तो एकाच्या जवळ हवा. शिवाय भारतात ५जीची मुख्य भिस्त ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर आहे, जिथे तरंगलांबी सुमारे ९ सेंटिमीटर, म्हणजे २८ गिगाहर्ट्झच्या आठपटीहून अधिक भरते. घटकांचा आकार तरंगलांबीच्या प्रमाणात वाढत असल्याने तेवढेच घटक बसवायला सत्तरेक पट क्षेत्रफळ लागेल, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या खिडक्यांसाठी हा आराखडा जसाच्या तसा उचलता येणार नाही.

प्रमाणीकरणाच्या बाबतीतही सावधगिरी हवी, कारण मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्री-जीपीपी या संघटनेच्या १८व्या आवृत्तीत नेटवर्क-नियंत्रित रिपीटरचा (लहर घेऊन, वाढवून पुढे पाठवणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या उपकरणाचा) समावेश झाला, अशा पृष्ठभागांचा झाला नाही. आज अंधारा कोपरा उजळायचा असेल, तर तिथे वीजजोडणी असल्यास रिपीटर घ्यावा आणि नसल्यास साधा स्थिर परावर्तक.