वॉरंटी कार्ड की कायद्यातली हमी?

म्हापशात घेतलेला आमचा फ्रिज चौदाव्या महिन्यात बंद पडला. कार्डाची मुदत बारा महिन्यांची, त्यामुळे दुकानदाराने हात वर केले.

कार्ड म्हणजे कंपनीचा शब्द. मुदत तिची, अटीही तिच्याच. मुदतीत दुरुस्ती झटपट होते, हे मान्य.

गर्भित हमी, म्हणजे कायदा प्रत्येक विक्रीत न लिहिताही धरतो ती हमी, कार्डावर अवलंबून नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ विक्रीयोग्य दर्जा मागते. पण कलम ६२ मुळे ती करारातून वगळता येते, हीच खरी भेग! ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यामुळे व्यापाऱ्याला ती ग्राहकाच्या बाबतीत टाळता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष सहसा मूळचाच धरतात, उलट सिद्ध करायचे ते विक्रेत्याने. आपल्याकडेही मला हेच हवे आहे.