आईच्या धडधडीची ट्रीटमेंट – सोलापुरातल्या हार्ट क्लिनिकचा आमचा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढं सांगते, आधी आईचं सांगते.

आई ५४ वर्षांची, अशोक चौकाच्या बाजूला शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते. एप्रिल-मे म्हणजे सीझन, शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे म्हणून रात्री नऊ नऊ पर्यंत मशीनवर. असंच एका मे महिन्यात खाली पडलेलं बटण उचलायला वाकली आणि उठली तर छातीत एकदम धडधड सुरू. हळूहळू वाढत गेली असं नाही, स्विच दाबल्यागत चालू. शेजारच्या मशीनवरच्या मावशींना तर आईच्या गळ्यापाशी ठोके उडताना दिसत होते म्हणे. घाम, डोळ्यासमोर अंधारी, आणि पंधरावीस मिनिटांनी जशी आली तशी झटक्यात बंद.

घराजवळच्या दवाखान्यात गेलो तोपर्यंत सगळं थांबलेलं, ईसीजी नॉर्मल. टेन्शन घेता, झोप नाही, या वयात बायकांना होतं असं, म्हणून ॲसिडिटीची न् झोपेची गोळी. आठ महिन्यात तीनदा हेच झालं आणि तिन्ही वेळा हेच उत्तर. शेवटी आईलाच वाटायला लागलं की आपणच घाबरट झालोय, मग चौथ्यांदा आलं तेव्हा तिनं घरात कुणाला सांगितलंच नाही, ते मला नंतर कळलं तेव्हा लई वाईट वाटलं.

मग जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत परत सुरू झालं आणि तास झाला तरी थांबेना. रिक्षात घालून जवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, पल्स १८८. लगेच ईसीजी काढला, हाताला सुई लावली आणि धडधड थांबवायचं ॲडेनोसीनचं इंजेक्शन झटक्यात दिलं. देताना कुणी एक शब्द सांगितला नाही. आईचा चेहरा लालभडक झाला, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, आणि ती माझा हात धरून म्हणाली मी चालले गं. मॉनिटरवरची रेघ दोन-तीन सेकंद सपाट झाली ती मी बघितलीये, अजून आठवली तरी अंगावर काटा येतो. मग ठोके परत सुरू झाले, ८० वर आले. पण आईला दमा आहे, पंप माझ्याच पर्समध्ये होता, तो आहे का एवढं सुद्धा कुणी विचारलं नाही, आणि आम्हाला काय माहीत सांगायला पाहिजे म्हणून. नंतर अर्धा तास छातीत शिट्ट्या वाजत होत्या, वाफ द्यावी लागली. धडधड त्याच इंजेक्शननं थांबली हे खरंय. पण विचारायला हवं होतं.

तिथनं मिळालेला तो ईसीजी घेऊन आम्ही या क्लिनिकला आलो. डॉक्टर मॅडमनी कागद बघायच्या आधी पहिला प्रश्न केला, मावशी, दमा, बीपी, थायरॉइड काही आहे का, कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, पंप धरून सगळं सांगा. मी तिथंच म्हणलं हे बरोबर ठिकाण आहे.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातनं खालच्या कप्प्यात करंट जायला मधे एक गाठ असते, एव्ही नोड म्हणतात. आईच्या त्या गाठीपाशी दोन वाटा आहेत, एक फास्ट एक स्लो. एखादा जादा ठोका चुकीच्या वेळी आला की करंट एका वाटेनं खाली जातो, दुसरीनं परत वर येतो आणि तिथंच गोल गोल फिरत बसतो, प्रत्येक फेरीला एक ठोका. एव्हीएनआरटी नाव त्याचं, बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि अचानक चालू अचानक बंद हीच त्याची खूण. थांबल्यावर ईसीजी नॉर्मलच येतो म्हणून टेन्शन म्हणून लई जण फिरत राहतात, असं मॅडम म्हणाल्या. आईच्या डोळ्यात पाणी आलं, कारण वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तू खोटं बोलत नव्हतीस. टूडी इको केला, हृदय चांगलं निघालं. चोवीस तासाचं होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं मशीन, लावून उपयोग कमी म्हणाल्या, दोन-तीन महिन्यातनं एकदा येणारी गोष्ट त्याच दिवशी थोडीच येणार, म्हणून पैसे वाचवले, हे पण नोंद करण्यासारखं.

घरी करायचा उपाय त्यांनी नुसता सांगितला नाही, कॉटवर झोपवून करून घेतला. दहा मिलीची रिकामी सिरिंज, अर्धवट बसून तिच्या तोंडात फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल एवढ्या जोरानं, पंधरा सेकंद. आणि लगेच आडवं व्हायचं, दुसऱ्यानं दोन्ही पाय ४५ अंशात उचलून पंधरा सेकंद धरायचे. २०१५ मध्ये इंग्लंडात चारशेहून जास्त पेशंटवर हे करून बघितलंय, नुसतं फुंकून १०० पैकी १७ जणांचे ठोके जागेवर आले, पाय उचलले तर ४३ जणांचे. तेव्हापासून आमच्या देवघराच्या फळीवर एक सिरिंज कायम आहे. आईला एकदा त्यानं थांबलं, एकदा नाही थांबलं. गळ्याची नस दाबून बघायची नाही, तेही बजावलं, मोठ्या वयात त्यानं मेंदूचा झटका येऊ शकतो. आणि छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर फुंकत बसू नका, १०८ लावा.

औषधाचं पण तसंच. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी यात नेहमीची, पण ती दम्यात श्वासनळ्या आवळू शकते म्हणून आईला नको. मग व्हेरापामिल दिलं, ते देतानाच सांगितलं की बद्धकोष्ठ होईल, पाय सुजतील, बीपी उतरेल, आणि दुसरीकडं कुणी बीटा ब्लॉकर दिली तर दोन्ही एकत्र अजिबात घ्यायच्या नाहीत, ठोके फार मंद होतात. बद्धकोष्ठ झालंच. पाय पण सुजले, मशीनवर दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्या बाईला ते लई जड गेलं. आणि गोळी घेऊन सुद्धा दोनदा आलं.

शेवटी ॲब्लेशनचा विषय निघाला. मांडीच्या शिरेतनं बारीक वायरी हृदयापर्यंत नेऊन ती स्लो वाट गरम करून बंद करायची. ९५ टक्क्यांच्या वर लोक बरे होतात. हे ऐकून मी लगेच हो म्हणणार होते तर मॅडम थांबा म्हणाल्या, दुसरी बाजू ऐका. ती वाट गाठीला अगदी चिकटून असते, गाठीलाच चटका बसला तर करंट खाली जाणं थांबतं आणि पेसमेकर बसवावा लागतो, १०० मध्ये एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण ती एक बाई तुमची आई असू शकते. जांघेत रक्त साकळू शकतं, क्वचित हृदयाला भोक पडून भोवती रक्त जमतं, आणि काही जणांना परत येतं. हा आजार असाही जीव घेणारा नाही, त्यामुळं घाई नाही, गोळ्यांवर पण राहता येईल. आईनं एकच विचारलं, पेसमेकर बसला तर मशीन चालवता येईल का? मॅडम हसल्या नाहीत, नीट उत्तर दिलं, चालवता येईल मावशी, मोटर छातीला टेकवायची नाही एवढंच. महिनाभर घ्या म्हणाल्या, घरी बोला. आम्ही महिनाभर घेतला. निर्णय आईचा तिनंच केला.

प्रोसिजर पुण्याला झाली, मॅडमनीच चिठ्ठी दिली, गोळी किती दिवस आधी बंद करायची तेही लिहून. पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. तिथं आई जागीच होती, त्यांनी आधी मुद्दाम धडधड सुरू केली, वाट शोधली, मग जाळली, दीड-दोन तास. पुढचे सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं हेच तिला सगळ्यात अवघड गेलं. जांघेत तळहाताएवढा काळानिळा डाग पडला, तो बघून मी रात्री साडेदहाला क्लिनिकच्या नंबरवर फोटो टाकला, दहा मिनिटात फोन आला, डागाखाली गाठ कडक लागते का, डाग वाढतोय का, दाबून बघा. वाढत नव्हता. पंधरा दिवसात गेला. मधेमधे एखादा ठोका चुकल्यासारखा व्हायचा, पहिले काही आठवडे असं होतं हे आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. आज १७ महिने झाले, गोळी बंद, एकदाही आलं नाही.

माझ्या मामांचं पण इथंच कळलं. त्यांना दुसरीकडनं ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू होतं, दोन वर्षं, मधे एकही रक्ततपासणी नाही. मामा सुस्त झालेले, वजन वाढलेलं, आम्ही म्हणायचो वय झालं. या गोळीत आयोडीन भरपूर असतं, थायरॉइड बिघडवते, लिव्हर न् फुप्फुसाला पण त्रास देऊ शकते, आणि बंद केल्यावर पण महिनोन्महिने अंगात राहते, म्हणून दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लिव्हरची तपासणी लागतेच, असं मॅडमनी सांगितलं. मामांचं टीएसएच लई वाढलेलं निघालं. तुमच्या घरात कुणी ही गोळी खात असेल तर आजच रिपोर्टची तारीख बघा, स्वतःच्या मनानं गोळी मात्र बंद करू नका.

आता अर्धा स्टार. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. हृदयाचे पेशंट जिना चढून येतात, वर पोचल्यावर दम खायला खुर्ची नसते. अपॉइंटमेंट अकराची असली तरी नंबर दोनला लागतो कारण मॅडम एकेकाला अर्धा तास देतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मग नंबर तसे द्या, डायबेटिसची म्हातारी माणसं उपाशी बसतात. दुपारी फोन उचलत नाहीत. हे मी काउंटरवर दोनदा बोललेय, अजून फरक नाही.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, सोमवारी बार्शी-पंढरपूरकडची गर्दी असते. जुने सगळे ईसीजी न्या, धडधड चालू असतानाचा एक जरी असला तरी तोच सगळ्यात महत्त्वाचा, नसेल तर पुढच्या वेळी जिथं असाल तिथल्या जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजीची पट्टी काढून घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. गोळ्यांची नावं सांगण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत घालून न्या, पंप सुद्धा.