म्हाताऱ्या कोंबडीचे आजारपण आणि फोंड्यातील हा दवाखाना

पाळलेली कोंबडी आजारी पडल्यावर तिला डॉक्टरांकडे न्यावे, हेच मुळी आपल्याकडे अनेकांना हास्यास्पद वाटते. आमच्या शिरोड्यातही ‘एवढा खर्च कशाला, रविवारी शागुती करून मोकळे व्हा’ असे सांगणारे कमी नव्हते. ज्या दुसऱ्या एका दवाखान्यात आम्ही तिला आधी नेले होते, तिथे तर तिला खोक्यातून बाहेरही न काढता जंताचे औषध लिहून दिले गेले. फोंड्यातील या दवाखान्याबद्दल मुद्दाम लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की इथे आमची कोंबडी बरी झाली नाही, तरीही इथल्या सेवेबद्दल मी समाधानी आहे.

आमची तांबडी सहा वर्षांची होती. अंड्यांसाठी पैदास केलेल्या संकरित जातीच्या कोंबड्या पोल्ट्रीत साधारण दीड वर्षानंतर, अंडी कमी होऊ लागताच, काढून टाकल्या जातात. त्यामुळे त्यांचे म्हातारपण आणि त्या वयातली दुखणी फारशी कोणी पाहिलेलीच नसतात. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा तुरा फिका पडला, शेपूट खाली पाडून ती एका जागी उभी राहू लागली आणि पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे लोंबू लागले. डॉक्टरांनी तिला टॉवेलमध्ये सैलसर धरायला सांगितले आणि उताणी न करता, उभ्या स्थितीतच तिचे पोट चाचपले. पक्ष्यांना श्वासपटल नसते, छातीची हालचाल मोकळी राहिली तरच त्यांना श्वास घेता येतो. म्हणून पोटात पाणी झालेल्या कोंबडीला उताणी करणे किंवा मायेने छातीशी घट्ट धरणे तिच्या जिवावर बेतू शकते, हे त्यांनी तपासता तपासताच सांगितले.

सुईने काढलेले पाणी पिवळसर होते. अंड्याचा बलक अंडनलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडत राहिला की तिथे दाह होतो, आणि वय झालेल्या कोंबड्यांमध्ये अंडाशयाच्या गाठींमुळेही असेच पाणी होते. सोनोग्राफीची सोय इथे नाही, त्यामुळे दोहोंपैकी नेमके काय हे सांगता येणार नाही, पण या वयात उपचारांत फार फरक पडणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. सगळे पाणी एकदम उपसणे धोक्याचे असते म्हणून तिला श्वास मोकळा घेता येईल इतकेच त्यांनी काढले, आणि ते पुन्हा साठणार हेही लपवले नाही. वेदना कमी करण्याचे औषध देताना, तिने चुकून अंडे घातलेच तर ते खायचे नाही, अशी सूचना त्यांनी आठवणीने केली. खोटी आशा दाखवून दर आठवड्याला फेऱ्या मारायला लावणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

घरच्या शुश्रूषेविषयी मिळालेली माहिती तर औषधापेक्षाही उपयोगी पडली. दुबळ्या पक्ष्याला बाकीच्या कोंबड्या टोचतात म्हणून तिला वेगळे ठेवावे, पण त्या तिला दिसत राहतील अशा ठिकाणी; दांडीवर चढायला लावू नये, खाली भाताचा पेंढा घालावा; पेज आणि उकडलेले अंडे कुस्करून द्यावे; पाणी ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब लावावे, घशात ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. पावसाळ्यात माश्या बसून मागच्या बाजूला अळ्या पडतात, म्हणून तिथली पिसे कातरून तो भाग रोज कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायला सांगितले होते. हे काम माझी पत्नी करीत असे, आणि एरवी कोणाला हात लावू न देणारी तांबडी तेवढा वेळ डोळे मिटून स्वस्थ उभी राहायची.

तिने पेजेकडेही पाठ फिरवली आणि चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली, तेव्हा आम्ही तिला शेवटचे इंजेक्शन देण्याचा निर्णय घेतला. डॉक्टरांनी आधी तिला गुंगी दिली, ती पूर्ण बेशुद्ध झाल्याची खात्री केली आणि आम्हाला शेवटपर्यंत जवळ थांबू दिले. कोणी घाई केली नाही आणि ‘कोंबडीच तर होती’ हे वाक्य तिथे एकदाही ऐकू आले नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. बसायची जागा एकच असल्याने भुंकणाऱ्या कुत्र्यांशेजारी कोंबडीचे खोके घेऊन ताटकळावे लागते, आणि आधीच धाप लागलेल्या पक्ष्याला तो ताण सोसवत नाही. बिलावर तपासणी, सुई आणि औषधे यांचा एकत्रच आकडा असतो. फोड मागितली तरच मिळते. सर्वांत खटकले ते असे, की इंजेक्शन दिलेला पक्षी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागल्यास त्यांनाही विषबाधा होऊ शकते, म्हणून तो विहिरीपासून दूर, खोल पुरावा, ही गोष्ट आम्ही निघताना विचारली म्हणून कळली. असा कागद छापून प्रत्येकाच्या हाती द्यायला काय हरकत आहे?

पक्षी घेऊन जाणाऱ्यांनी संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी दवाखाना उघडतानाच जावे, आधी फोन करून कोंबडी आणत असल्याचे सांगावे, आणि खोक्याला वरून नव्हे तर बाजूंनी भोके पाडून त्यावर कापड टाकावे. आमच्या उरलेल्या दोघीही त्याच वयाच्या आहेत. त्यांनाही आम्ही इथेच दाखवतो.