समुपदेशन केंद्रासाठी घेतलेली एसईओ सेवा: एआयच्या काळात त्यातले काय उपयोगी पडले

पुण्यातील आमच्या समुपदेशन केंद्राच्या वेबसाइटसाठी आम्ही एका स्थानिक डिजिटल मार्केटिंग एजन्सीची एसईओ सेवा, म्हणजे गुगलसारख्या शोधयंत्रांत वेबसाइट वर दिसावी यासाठीचे काम, वार्षिक करारावर घेतली होती. त्या कराराची मुदत नुकतीच संपली असून आम्ही त्याचे नूतनीकरण केलेले नाही. एजन्सीचे नाव येथे देत नाही, कारण आमची जी तक्रार आहे ती एका एजन्सीपुरती नसून, या व्यवसायातील बहुतेक प्रस्तावपत्रांत जवळपास त्याच शब्दांत दिली जाणारी आश्वासने हा तिचा विषय आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील लहान केंद्रांना अशी सेवा घ्यावी का, आणि घेतल्यास तिचा कोणता भाग घ्यावा, हे ठरवताना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

सेवेचे शुल्क महिन्याला अठरा हजार रुपये अधिक जीएसटी असे होते. त्यात वेबसाइटची तांत्रिक तपासणी, गुगल बिझनेस प्रोफाइलची (गुगलच्या शोधात व नकाशावर दिसणाऱ्या केंद्राच्या नोंदीची) देखभाल, दरमहा चार लेख, ऑनलाइन अभिप्रायांचे व्यवस्थापन, मासिक अहवाल आणि ‘एआय सर्च ऑप्टिमायझेशन’ (एआयच्या उत्तरांत वेबसाइट दिसावी यासाठीचे काम) नावाचे एक नवे कलम यांचा समावेश होता. पहिल्या बैठकीत ‘तीन महिन्यांत पहिल्या क्रमांकावर’ अशी हमीही देण्यात आली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्टपणे लिहिलेले आहे. त्यामुळे ते वाक्य आम्ही करारातून काढायला लावले आणि पुढे गेलो.

तांत्रिक तपासणी उत्तम झाली, हे आधी नोंदवले पाहिजे. आमच्या शुल्काचा आणि वेळांचा तक्ता कित्येक वर्षे एका चित्राच्या स्वरूपात वेबसाइटवर होता. माणसाला तो वाचता येत असे, पण यंत्राच्या दृष्टीने त्या पानावर जवळजवळ काहीच मजकूर नव्हता. तो तक्ता साध्या मजकुरात आणला गेला, प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक मिळाले आणि मोबाइलवर पान उघडण्याचा वेग सुधारला. आमच्या होस्टिंगमधील एका सुरक्षा प्लगइनने एआय कंपन्यांचे सगळेच क्रॉलर, म्हणजे वेबसाइटवरील मजकूर वाचत फिरणारे प्रोग्रॅम, सरसकट अडवले होते, हेही याच तपासणीत उघड झाले. एजन्सीतील तंत्रज्ञाने यातील फरक नीट समजावून सांगितला. ओपनएआयचा जीपीटीबॉट हा मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, तर ओएआय-सर्चबॉट हा चॅटजीपीटीच्या शोधात वेबसाइट दिसावी यासाठी असतो, आणि या दोघांबाबत रोबोट्स फाइलमध्ये (कोणत्या क्रॉलरने काय वाचावे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) वेगवेगळा निर्णय घेता येतो. गुगलच्या बाबतीत मात्र, गुगल-एक्स्टेंडेड (आपला मजकूर गुगलच्या एआय मॉडेलांसाठी वापरू द्यायचा की नाही हे ठरवणारे रोबोट्स फाइलमधील नाव) अडवल्याने शोधाच्या वर दिसणाऱ्या एआय उत्तरातून आपण बाहेर पडत नाही, कारण ते उत्तर नेहमीच्या गुगलबॉटने आणलेल्या मजकुरावरच तयार होते. संपूर्ण करारातील ही सर्वांत मोलाची चर्चा होती.

बिझनेस प्रोफाइलचे कामही बऱ्यापैकी झाले, फक्त एका ठिकाणी आम्हाला ठाम नकार द्यावा लागला. केंद्राच्या नावापुढे ‘बेस्ट सायकॉलॉजिस्ट इन कोथरूड’ असे शब्द जोडण्याची त्यांची सूचना होती. प्रोफाइलवरील नाव हे पाटीवर असते तेच असावे, असा गुगलचा नियम आहे आणि तो मोडल्यास प्रोफाइल निलंबित होऊ शकते. शिवाय स्वतःला ‘बेस्ट’ म्हणवून घेणे आमच्या पेशाला शोभत नाही, ही गोष्ट वेगळीच. त्याउलट जुन्या डिरेक्टऱ्यांतील नोंदी सुधारण्याचे चिकाटीचे काम त्यांनी मनापासून केले. आम्ही सदाशिव पेठेतून कोथरूडला स्थलांतर करून बराच काळ झाला होता, तरी चॅटजीपीटीला आमच्याबद्दल विचारले असता तो जुना पत्ता, जुने शुल्क आणि रविवारी केंद्र उघडे असल्याची माहिती अगदी आत्मविश्वासाने देत असे. ही सारी माहिती एका विस्मृतीत गेलेल्या डिरेक्टरीतून आलेली होती. पूर्वी अशी चुकीची नोंद निकालांच्या तिसऱ्या पानावर पडून राहायची आणि कोणाचे फारसे बिघडत नसे. आता तीच उचलून उत्तर म्हणून सांगितली जाते. चिंतेने ग्रासलेला माणूस मोठ्या प्रयासाने घराबाहेर पडतो आणि बंद दारापाशी पोहोचतो, हा प्रकार किरकोळ समजता येणार नाही.

लेखांच्या बाबतीत मात्र या सेवेला मी पाचपैकी एकही गुण देणार नाही. तीन वेगवेगळ्या लेखांची सुरुवात ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात तणाव हा आपल्या आयुष्याचा अविभाज्य भाग बनला आहे’ याच वाक्याने होत होती, आणि पुढे लक्षणांची यादी, कारणांची यादी, उपायांची यादी व शेवटी आमचा फोन नंबर असा ठरलेला साचा होता. एका लेखात तर ‘नियमित समुपदेशनाने गोळ्या हळूहळू बंद करता येतात’ असे विधान होते. औषधे कमी करण्याचा निर्णय मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा असतो. असे वाक्य आमच्या नावाने प्रसिद्ध झाले असते आणि ते वाचून एखाद्याने स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवल्या असत्या, तर त्याची जबाबदारी लेख लिहिणाऱ्यावर नव्हे, आमच्यावर आली असती. गुगल आरोग्यविषयक मजकुराची गणना माणसाच्या आयुष्यावर आणि पैशावर परिणाम करू शकणाऱ्या विषयांत करते आणि तेथे लेखकाचा अनुभव, तज्ज्ञता व विश्वासार्हता यांना अधिक महत्त्व देते. मार्च २०२४ मध्ये तर केवळ शोधात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराला स्पॅम ठरवणारे धोरणही जाहीर झाले. असे असताना दरमहा चार लेखांचा रतीब घालण्याची पद्धत अजून का चालू आहे, हे आकलनापलीकडचे आहे.

हे लेख निर्दोष असते, तरी त्यांचा उपयोग कितपत झाला असता, हा आणखी मूलभूत प्रश्न आहे. शोधनिकालांच्या वर एआयने तयार केलेला सारांश दाखवणारी गुगलची एआय ओव्हरव्ह्यूज ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी व हिंदीत आली आणि त्यानंतर जुलै २०२५ मध्ये एआय मोड, म्हणजे गुगलवर एआयशी संवाद साधत शोध घेण्याची सोय, सर्वांसाठी खुला झाला. ‘पॅनिक अटॅक म्हणजे काय’ किंवा ‘नैराश्याची लक्षणे कोणती’ असे विचारणाऱ्याला आता उत्तर निकालाच्या माथ्यावरच मिळते आणि खाली येण्याची गरज उरत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील वापराची पाहणी केली, तेव्हा एआय सारांश दिसला असता एखाद्या निकालावर क्लिक होण्याचे प्रमाण ८ टक्के आढळले, तर सारांश नसताना ते १५ टक्के होते. सारांशातील दुव्यावर क्लिक तर केवळ १ टक्का वेळा झाले. आमच्या सर्च कन्सोलमध्येही (वेबसाइट शोधात कशी दिसते हे दाखवणाऱ्या गुगलच्या साधनातही) तेच चित्र होते: सर्वसाधारण माहितीच्या पानांची ‘इम्प्रेशन्स’, म्हणजे निकालांत दिसण्याची संख्या, वाढत होती आणि ‘क्लिक्स’ घटत होत्या. एजन्सीच्या मासिक अहवालात पहिला आलेख मोठा आणि रंगीत असे, दुसरा शेवटच्या पानावर.

वाचले गेले ते पान आम्ही स्वतः लिहिले होते आणि त्याचे शीर्षक ‘पहिल्या भेटीत काय होते’ एवढेच होते. भेट पन्नास मिनिटांची असते, सुरुवातीला कोणते प्रश्न विचारले जातात, सोबत आलेल्या आईवडिलांना आत बसता येते का, नोंदी कोण पाहू शकतो, शुल्क किती, वेळ रद्द केल्यास काय, कोणत्या तक्रारींसाठी आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो, इमारतीला लिफ्ट आहे का, अशी सगळी उत्तरे त्यात सरळ दिली आहेत. प्रत्येक समुपदेशकाच्या नावाखाली शिक्षण, कामाच्या भाषा आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक दिला आहे. तातडीच्या संकटात आमच्या ईमेलची वाट पाहू नये म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पानाच्या वरच्या भागात ठळकपणे आहे. लोक एआयला दोन शब्द टाकत नाहीत, ते पूर्ण प्रश्न विचारतात: ‘कोथरूडमध्ये मराठीतून बोलणारी, संध्याकाळी सातनंतर वेळ देणारी आणि चौदा वर्षांच्या मुलाशी काम करू शकणारी समुपदेशक कोण आहे?’ अशा प्रश्नाला जगभरातील नैराश्यावरचे लेख वाचून उत्तर देता येत नाही. ज्या वेबसाइटवर ही माहिती लिहिलेली आहे, तिच्याकडेच यंत्राला यावे लागते. शिवाय ही माहिती कोणतीही एजन्सी तुमच्याऐवजी लिहू शकत नाही, कारण ती तिला ठाऊकच नसते.

‘एआय सर्च ऑप्टिमायझेशन’ या कलमाखाली प्रत्यक्षात दोनच कामे झाली. एक म्हणजे वेबसाइटवर एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची, वेबसाइटवर काय आहे हे एआयला सांगणारी फाइल ठेवली गेली आणि दुसरे, प्रश्नोत्तरांच्या पानांना विशिष्ट प्रकारचा स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे पानावर काय आहे हे यंत्राला सांगणारी खूण (स्कीमा), जोडण्यात आला. आपल्या एआय सुविधांत दिसण्यासाठी अशा वेगळ्या फाइलची वा खास स्कीमाची गरज नाही, असे गुगलने म्हटलेले आहे, आणि प्रश्नोत्तरांचा विस्तारित निकाल (शोधनिकालाखालीच प्रश्न व उत्तरे दिसण्याची सोय) तर ऑगस्ट २०२३ पासून सुप्रसिद्ध सरकारी व आरोग्यविषयक वेबसाइटांपुरता मर्यादित झाला होता. ही कामे हानिकारक नव्हती, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र पैसे आकारणे योग्य नव्हते.

सर्वांत गंभीर मतभेद झाला तो अभिप्रायांवरून. प्रत्येक भेटीनंतर व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून पाच तारे मागावेत, अशी एजन्सीची योजना होती. हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये हे सर्रास चालते. समुपदेशनात मात्र समोरची व्यक्ती उपचाराच्या मधोमध असते, तिला आमची गरज असते आणि त्यामुळे तिचा नकार मोकळा नसतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नीतिसंहिता तर चालू उपचारातील व्यक्तीकडून प्रशस्तिपत्र मागण्यास स्पष्ट मनाई करते. त्यातही, अभिप्राय देणाऱ्याचे नाव व छायाचित्र सहसा सर्वांना दिसते, आणि आपण समुपदेशन घेतो हे सासरी किंवा कार्यालयात कळू नये म्हणून दोन स्टॉप आधी उतरून चालत येणारी माणसे आमच्याकडे येतात. आम्ही लिंक पाठवू दिली नाही. तरीही एका व्यक्तीने आपणहून अभिप्राय लिहिला, तेव्हा एजन्सीने उत्तराचा मसुदा पाठवला: ‘आमच्या उपचारांमुळे आपण नैराश्यातून बाहेर पडलात, याचा आम्हाला आनंद आहे.’ मूळ अभिप्रायात नैराश्याचा उल्लेखही नव्हता. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. ती व्यक्ती आमच्याकडे आली होती, एवढी कबुली देणेही आम्हाला उचित वाटत नाही, मग निदान जाहीर करण्याचा प्रश्नच येत नाही. अभिप्रायांना उत्तर देण्याचे अधिकार आम्ही त्याच दिवशी काढून घेतले.

याच विचाराने संपर्काच्या पानावर फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे पान पाहणाऱ्यांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकला पाठवणारा कोड, बसवण्यासही आम्ही नकार दिला. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीने ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसह इतरांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये तिच्यावर कारवाई केली आणि कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. एजन्सीतील कोणालाही हे प्रकरण ठाऊक नव्हते, आणि आरोग्यक्षेत्रातील ग्राहक घेणाऱ्या एजन्सीकडून एवढी अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही.

तांत्रिक काम आणि नोंदींची दुरुस्ती यांसाठी ही सेवा पाचपैकी चार गुणांची आहे, परंतु ते काम पहिल्या तीन महिन्यांत जवळपास संपले होते आणि उरलेले शुल्क आम्ही मुख्यतः नको असलेल्या लेखांसाठी भरले. एकरकमी मोबदल्यात तांत्रिक तपासणी व नोंदींची दुरुस्ती करून देणारी व्यक्ती किंवा संस्था मिळाल्यास लहान केंद्राने तेवढेच घ्यावे. वार्षिक करार करायचाच असेल, तर लेख आणि अभिप्राय ही दोन कलमे वगळून दर नव्याने ठरवावा, आणि बिझनेस प्रोफाइल, सर्च कन्सोल व डोमेन यांची मूळ मालकी पहिल्या दिवसापासून केंद्राच्या स्वतःच्या खात्यावर असल्याची खात्री करून घ्यावी. आमचे प्रोफाइल एजन्सीच्या खात्यातून तयार झाले होते आणि करार संपल्यावर मालकी हस्तांतरित करून घेण्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. मधल्या काळात दिवाळीच्या सुटीच्या वेळाही आम्हाला स्वतः बदलता आल्या नाहीत.