उरलेले दोन स्पीकर मागे लावायचे की डोक्यावर?

घरच्या सिनेमासाठी डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत, चालणारा सात चॅनलचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) घेतला की खरा प्रश्न शेवटच्या दोन चॅनलचा असतो. समोरचे तीन, बाजूचे दोन सराउंड आणि खर्जाचा सबवूफर हे ठरलेलंच. उरलेले दोन पाठीमागे लावले तर ७.१, छताला लावले तर ५.१.२ (पहिला आकडा कानांच्या पातळीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा वरच्या स्पीकरचा). मुंबईतल्या नेहमीच्या हॉलसाठी मी म्हणेन, वर लावा.

कारण सोफा. ७.१ मधले मागचे स्पीकर टीव्हीच्या दिशेपासून १३५ ते १५० अंशांवर, म्हणजे कानांच्या बरेच मागे हवेत. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मग हे स्पीकर थेट मानेजवळ येतात आणि बाजूचा आवाज कुठला, मागचा कुठला हे कळेनासं होतं. सोफ्यामागे चार-पाच फूट मोकळे असतील तरच ७.१ चा विचार करा.

बाजूच्या सराउंडची जागा ५.१ मध्ये ११० ते १२० अंशांवर धरतात. सोफा भिंतीला असेल तर तेही जमत नाही, तेव्हा ९० अंशांवर, कानांच्या रेषेत बाजूच्या भिंतींवर लावा. उंची कानांपेक्षा थोडीच जास्त ठेवा, शेजारी बसलेल्याचं डोकं आड येणार नाही इतपत. काही जण ते सहा-सात फुटांवर ठोकतात. नुसत्या ५.१ ला ते चालून जातं, पण छतावर स्पीकर असताना वरचा आणि बाजूचा आवाज एकमेकांत मिसळतो आणि वर केलेला खर्च वाया जातो. एका बाजूला बाल्कनीची सरकती काच असेल तर तिकडचा स्पीकर स्टँडवर ठेवा.

आता छत. पीओपीमध्ये बसवलेले स्पीकर सर्वात उत्तम. बसल्यावर कान साधारण सव्वातीन फुटांवर येतात. फॉल्स सीलिंग साडेआठ फुटांवर असेल तर स्पीकर डोक्याच्या रेषेपासून एक ते अडीच फूट टीव्हीच्या बाजूला घ्या, म्हणजे कानांच्या आडव्या रेषेपासून वरचा कोन ८० ते ६५ अंशांत बसतो. सोफा भिंतीला असला तरी ही जागा मिळते, ५.१.२ ची खरी सोय हीच. स्पीकरला मागून बंद डबा असलेलाच घ्या. नाहीतर आवाज पोकळीतून स्लॅबकडे जातो आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना तुमचा सिनेमा फुकटात ऐकू येतो. एसीचा पाइप आणि लाइटच्या वायरी कुठून जातात ते इलेक्ट्रिशियनकडून आधी पाहून घ्या.

दुसरा पर्याय, समोरच्या स्पीकरवर ठेवायचे, छताकडे तोंड करून आवाज परावर्तित करणारे स्पीकर. फोडाफोड नाही, म्हणून भाड्याच्या घरात हेच बरे. पण त्यांना सपाट, कडक छत लागतं. कोव्ह लाइटच्या पायऱ्या, बीम किंवा पंखा वाटेत आला की आवाज विखुरतो, आणि आपल्या हॉलचा पंखा बरोबर मध्ये असतो. घेण्याआधी कुणाला तरी छताला आरसा सपाट टेकवून सरकवायला सांगा. सोफ्यावर बसून आरशात स्पीकर ठेवायची जागा दिसली की आवाज तिथेच आपटणार. तिथे काय आहे ते बघा. सगळं जुळलं तरी पाऊस वर पडल्यासारखा वाटेल, पण हेलिकॉप्टर नेमकं कुठून गेलं ते छतातल्या स्पीकरइतकं स्पष्ट कळणार नाही.

तिसरा, समोरच्या भिंतीवर अगदी वर लावलेले. वायरिंग सोपं, पण आवाज डोक्यावर न येता टीव्हीच्या वर राहतो. पीओपी तोडायचं नसेल आणि छत सपाट नसेल तरच हे करा.

पीओपीचं काम अजून व्हायचं असेल तर स्पीकर नंतर घ्या, पण लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून १४ किंवा १६ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणून चार जागी आत्ताच सोडून ठेवा. दोन आज वापरा. उरलेल्या दोन, सोफा कधी पुढे सरकला आणि रिसीव्हर मोठा आला, तर ५.१.४ साठी कामाला येतील.