अण्णांच्या जीपचं बॉनेट आणि माझे ११,२०० रुपये

जुन्या जीपच्या प्रतिकृतीसाठी सुटे भाग मागवताना माझी ऑनलाइन फसवणूक झाली. स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या गाडीची प्रमाणात छोटी प्रतिकृती करणाऱ्यांनी, विशेषतः या छंदात नव्यानं आलेल्या मुलांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. दोन आठवडे कुणाला सांगायची हिंमत झाली नव्हती.

आमचे अण्णा १९९० च्या दशकात सातारा–मेढा मार्गावर वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप चालवायचे. उंच बॉनेटची महिंद्रा जीप, मागं समोरासमोर बाकडी, वर ताडपत्री. मी सहावीत असताना ती विकली. तिचे दोनच फोटो घरात आहेत. मी गेली सात वर्षं शाहूपुरीतल्या घरी प्लॅस्टिकच्या गाड्या जोडतो. किट जसं आलं तसं जोडण्यापेक्षा ते कापून, वाढवून, पुट्टी भरून वेगळीच गाडी उभी करण्यात मला खरा आनंद मिळतो. अण्णा गेल्यावर ती जीप करायचीच, असं ठरवलं होतं.

अडचण अशी की १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाइतक्या मापात, विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपचं जे किट मिळतं ते दुसऱ्या महायुद्धातल्या एमबी या लष्करी मॉडेलचं. तिचं बॉनेट बुटकं आणि ग्रिलला नऊ फटी. १९५३ साली विलीजनं सीजे थ्रीबी हे नवं मॉडेल काढलं. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. तिच्या ग्रिलला सात फटी. आपल्याकडं महिंद्रानं हाच उंच चेहरा पुढं बरीच वर्षं चालवला. म्हणजे अण्णांची जीप करायची तर एमबीचा पुढचा भाग काढून नवा बसवायला हवा. तो प्लॅस्टिक शीट कापून स्वतः करायचा, नाहीतर कुणी रेझिनमध्ये (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात) ओतलेला कन्व्हर्जन सेट, म्हणजे गाडीचं रूप बदलणारे सुटे भाग शोधायचे.

हे सगळं मी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. अण्णांचा फोटो टाकला, वडापची गोष्ट सांगितली. चौथ्या दिवशी एकाचा खासगी मेसेज आला. ‘दादा, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. तुम्हाला हवा तोच सेट माझ्याकडं आहे. उंच बॉनेट, सात फटींचं ग्रिल, मागची लांब बॉडी. सोबत सीलबंद किट देतो.’ किटचे ३,२०० आणि सेटचे २,४०० सांगितले. फोटो सुरेख होते, फटी मोजल्या तर सातच. मला जे हवं होतं ते मी चार दिवस आधी स्वतःच जाहीर केलं होतं आणि नेमकं तेच समोर आलं, ही गोष्ट मला तेव्हा शुभशकुनासारखी वाटली. माझी गरज ऐकून त्यानं माल ‘तयार’ केला होता, हे आज कळतंय.

सांगली काही लांब नाही, सकाळची एसटी धरली तर संध्याकाळी परत. मी म्हटलं, येऊन घेऊन जातो. तो म्हणाला, आई मिरजेला दवाखान्यात आहे, घरी कुणी नाही, कुरिअर करतो. आईचं नाव निघाल्यावर मी पुढं काही विचारलं नाही. पूर्ण ५,६०० रुपये पाठवले.

एक खूण तर माझ्या हातात होती. मी सहज विचारलं होतं, रेझिनचा भाग किटला कशानं चिकटवू? त्याचं उत्तर, ‘नेहमीचं प्लॅस्टिक सिमेंट चालतं.’ ते चालत नाही! सिमेंट किटच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला मऊ करून दोन तुकडे एकजीव करतं. रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, तिथं सुपरग्लू नाहीतर इपॉक्सी लागतं. ज्यानं एकदाही रेझिन हाताळलंय तो असं बोलणार नाही. मी ते वाचलं आणि घाईत टाइप केलं असेल म्हणून सोडून दिलं.

आठव्या दिवशी खोकं आलं. वर १/२४ चं चित्र, चकचकीत पारदर्शक वेष्टन. आत १/३५ चे स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी. हातात घेताच शंका आली, पट्टी लावली. खऱ्या एमबीच्या दोन आसांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २,०३२ मिमी. त्याला २४ नं भागलं की जवळपास ८५ मिमी यायला हवं. माझ्या हातातली चॅसी ५८ मिमी भरली, म्हणजे बरोबर १/३५. खोकं उघडून, माल बदलून, वरून नवं वेष्टन गरम हवेनं ताणून बसवलं होतं. जोड बोटाला लागत होता.

रेझिनची पिशवी त्याहून वाईट. कुणाच्या तरी तुकड्यावरून सिलिकॉनचा साचा घेऊन ओतलेलं रीकास्ट होतं. कडेनं हवेचे बुडबुडे, हेडलाइटची रिंग अर्धी. अशी नक्कल मुळापेक्षा थोडी आकसते, त्यामुळं ती कशावरच नीट बसत नाही. ग्रिल उजेडात धरून फटी मोजल्या. नऊ. बॉनेट बुटकंच. त्यानं एमबीचाच चेहरा ओतून पाठवला होता. मग मूळ फोटो इमेज सर्चला टाकले, तर ते परदेशातल्या एका मॉडेलरनं काही वर्षांपूर्वी टाकलेले निघाले. हे काम पैसे देण्याआधी दोन मिनिटांत झालं असतं.

दुसरा फटका पुढंच आहे. मी चिडून फोन केला, तर तो लगेच माफी मागायला लागला. ‘पॅकिंगमध्ये अदलाबदल झाली दादा, आत्ता पैसे परत करतो.’ त्यानं क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा म्हणाला. मी स्कॅन केला, पिन टाकला, आणि माझ्याच खात्यातून आणखी ५,६०० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. असा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. बँकेचा हा मेसेज मी शंभर वेळा वाचलाय, पण माणूस माफी मागत होता आणि मी शांत झालो होतो. ‘चुकून गेले, परत एकदा स्कॅन करा’ म्हणाला तेव्हा मी फोन ठेवला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तिसऱ्या दिवशी फोन केला. लाजेपायी घालवलेले ते दोन दिवस महाग पडले, कारण पैसे पुढच्या खात्यातून काढलेही गेले होते. तुमचं असं काही झालं तर त्याच तासात १९३० लावा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. अनोळखी माणसाकडून किट घेणार असाल तर स्प्रूशेजारी पट्टी आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. स्प्रूवरची ए, बी, सी अक्षरं सूचनापत्रकाशी जुळवून पाहा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ करा. माझ्याकडं तो नव्हता, म्हणून ‘मी बरोबर माल पाठवला’ या त्याच्या नंतरच्या दाव्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्याच्या फोटोंत निळ्या कटिंग मॅटवर करडं बॉनेट आहे, डाव्या मडगार्डाला छोटा टवका. तो ग्रुपमधून गेलाय, नंबरही बंद आहे. हेच फोटो घेऊन कुणी तुम्हाला ‘तुम्हाला हवा तोच सेट’ म्हणाला तर एक रुपयाही पाठवू नका.

किट मी आता पुण्याला जाऊन, दुकानात समोर उघडून घेतलं. बॉनेटसाठी अर्ध्या मिलिमीटरची शीट आणलीय. अण्णांच्या फोटोवरून मापं काढली. सात फटींपैकी चार कापून झाल्यात.