सावलीतल्या बागेसाठी देशी नेचे (फर्न) हवे असतील तर इथेच जा (५ पैकी ४ स्टार)

नाशिकमधे कुठल्याही नर्सरीत जाऊन फर्न मागा, हमखास बोस्टन फर्न हातात देतात. दिसायला छान असतं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मे च्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात आणि रोज पाणी फवारत बसावं लागतं. मला आपल्या सह्याद्रीतले नेचे हवे होते, पावसाळ्यात त्र्यंबक नाहीतर इगतपुरीकडे जाताना रस्त्याकडेच्या दरडींवर लटकलेले दिसतात ना ते. घराच्या उत्तरेला आंबा आणि उंच कंपाउंड, ऊन जेमतेम तासभर, तिथे दुसरं काही धड येतही नाही.

ही नर्सरी त्र्यंबक रोडला आतल्या बाजूला आहे, छोटीशीच, काका-काकू दोघं मिळून चालवतात. मी पहिला प्रश्न हाच विचारला की काकू, ही रोपं अंजनेरी ब्रह्मगिरीवरून उपटून तर नाही ना आणलीत? कारण पावसाळ्यात मुळासकट उपटलेले नेचे विकायला येतात आणि ते घेणं म्हणजे डोंगर ओरबाडायला आपणच पैसे देणं, मला ते अजिबात पटत नाही. काकू काही न बोलता मागच्या शेडमधे घेऊन गेल्या. तिथे मिठाईचे पारदर्शक डबे ओळीने मांडलेले, आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि त्यावर नखाएवढे हिरवे, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे पापुद्रे. पिकलेलं पान कागदात गुंडाळून ठेवतात, पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतून बारीक भुकटी पडते तेच बीजाणू, ते उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या कोकोपीटवर भुरभुरवायचे आणि झाकण लावून टाकायचं. त्यातून आधी हे पापुद्रे उगवतात. त्या पापुद्र्यांवर पाण्याचा ओलावा असला तरच फलन होतं आणि मग त्यातून खरं रोप उगवतं. विकण्याजोगं व्हायला वर्ष तरी जातं म्हणाल्या. एवढी मेहनत बघितल्यावर हंसराजच्या कुंडीला १५० रुपये मला जास्त वाटले नाहीत, घासाघीस केलीच नाही.

हंसराज म्हणजे काळ्या चकचकीत देठाचा, अर्धचंद्रासारख्या पानांचा. वरून पाणी टाकलं तरी पान भिजत नाही, थेंब गोळा होऊन घरंगळून जातो. लांब पानाचं टोक मातीला टेकलं की तिथे मुळं धरून नवीन रोप होतं, त्यामुळे एक कुंडी घेतली तरी पसरत जातो. पण दिवाळीनंतर तो पिवळा पडून वाळतो आणि उन्हाळ्यात कुंडी पूर्ण रिकामी दिसते! बरेच लोक मेला समजून फेकून देतात. इथे मात्र काका बिलासोबत चिठ्ठी देतात, त्यावर स्पष्ट लिहिलंय की कुंडी फेकू नका, सावलीत ठेवा, अधूनमधून थोडं पाणी शिंपडा, पाऊस सुरू झाला की परत फुटेल. आणि खरंच फुटतो, जूनमधे गुंडाळी केलेले कोवळे कोंब वर आले. झाड विकताना ते वाळणार आहे हे आधी सांगणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटलेला नाही.

बाशिंग नावाचा, झाडाच्या बुंध्यावर वाढणारा नेचा पण घेतला. ते मातीत लावायचंच नाही, त्याचं केसाळ खोड काकांनी सांगितल्याप्रमाणे नारळाच्या काथ्यात गुंडाळून आंब्याच्या बुंध्याला सुतळीने बांधलं. त्याला दोन तऱ्हेची पानं येतात, खालची तपकिरी पानं पडलेला पाचोळा अडवून धरतात आणि त्याचंच खत होतं, वरची हिरवी पानं उन्हाळ्यात गळतात. सिल्व्हर फर्न पण होतं, पानामागे पांढरी भुकटी असते, हातावर दाबलं की पानाचा ठसा उमटतो, माझी भाची दिवसभर तेच करत होती.

माती स्वतः मिसळून देतात, कुजलेला पालापाचोळा, वाळू, विटांचे तुकडे. आपली काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात.

एक स्टार कापला कारण कुंड्यांवर नावाच्या पाट्या नाहीत, काकू नसतील तर मदतनीस मुलाला हंसराज कुठला नि दुसरा कुठला ते सांगता येत नाही. पॅकिंग पण अगदीच साधं, माझ्या एका रोपाची दोन पानं गाडीवर मोडली. होम डिलिव्हरी नाही, आणि लाईट गेली की नेट पण जातं, तेव्हा कॅश जवळ असू द्या.

जायचं तर जुलैमधे जा, सप्टेंबरपर्यंत चांगली रोपं संपलेली असतात. बाशिंग हवं असेल तर आधी फोन करून ठेवा, ते मोजकंच असतं. आणि शक्यतो सकाळी जा, काकूंना वेळ असतो, डब्यातली रोपं दाखवा म्हटलं तर आनंदाने दाखवतात.